चौदा ओळींतला नकार

१८ जून

तृतीय वर्षाला शेक्सपिअरची तीन सॉनेटं आहेत. अठराव्याचं नाव निघालं की मुलांचे चेहरे खुलतात, ते कुठे ना कुठे कानावरून गेलेलं असतं. एकशे तिसाव्यात कवी प्रेयसीच्या केसांविषयी, श्वासाविषयी, चालण्याविषयी इतकं खरं बोलतो की वर्ग हसतो आणि कविता आपोआप शिकवून होते. मधलं एकशे सोळावं मात्र दरवर्षी घाईत जातं. गाइडमध्ये त्याच्यापुढे एक वाक्य छापलेलं आहे : खरं प्रेम अढळ असतं. तेच वाक्य मग पेपरांत पानोपानी उतरतं. वाक्य खोटं नाही. पण ज्यानं त्यासाठी चौदा ओळी खर्ची घातल्या, त्याला ते इतकं सोपं वाटलं नसणार.

या सत्रात मुलांना घेऊन मी या कवितेपाशी थांबणार आहे. लागेल तेवढा वेळ लागू दे.

१९ जून

आज नुसतं वाचन. वह्या मिटून ठेवायला लावल्या. एकदा मी वाचली, मग तीन-चार मुलांनी वाचली. अर्थ विचारायचा नाही असं आधीच सांगितलं होतं. शेवटी विचारलं, सगळ्यांत जास्त कानावर काय आलं? मागच्या बाकावरून उत्तर आलं, “नाही, मॅडम. नुसतं नाही नाही चाललंय.”

फळ्यावर मोजलं. चौदा ओळींत नकाराचे शब्द नऊ, आणि शिवाय एका शब्दाला लागलेला नकारार्थी उपसर्ग वेगळा. पहिल्याच ओळीत नकार आहे, शेवटच्या ओळीत तर तीन-तीनदा आहे. पहिलं कडवं प्रेम काय नव्हे ते सांगतं. दुसरं ‘छे, छे’ म्हणत उठतं आणि मग प्रेम काय आहे ते सांगतं. तिसरं पुन्हा नव्हेवर येतं. ज्या कवितेला जगभर प्रेमाची व्याख्या म्हणून मान आहे, तिच्यातली सरळ व्याख्या मधल्या चार ओळींतच आहे. बाकी सगळं खोडून काढणं.

प्रेमाच्या आनंदात असलेला माणूस इतक्या वेळा नाही म्हणेल का? हा प्रश्न मी वर्गात विचारला आणि उत्तर न घेता तास संपवला.

२३ जून

आज आकृतिबंध. हा भाग मुलांना पाठ असतो : चार, चार, चार आणि दोन. यमकं एकाआड एक, शेवटच्या दोन ओळींचं यमक आपसात. पाठ असण्याला माझी हरकत नाही, पण ही रचना अशी का झाली ते कळलं तर ती विसरायची पाळी येत नाही.

सॉनेट जन्मलं सिसिलीत, तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकच्या दरबारी. जाकोमो दा लेंतीनी हा तिथला कारकुनी पेशातला कवी त्याचा कर्ता मानला जातो. चौदाव्या शतकात पेत्रार्कानं त्याला घरोघरी नेलं. त्याच्या कवितांतली प्रेयसी लॉरा त्याला दिसली ६ एप्रिल १३२७ रोजी, आविन्योंच्या चर्चमध्ये, आणि ती गेलीही ६ एप्रिललाच, १३४८ साली. ही तारखांची जुळणी त्यानं स्वतःच नोंदवून ठेवली आहे. त्याच्या संग्रहातल्या ३६६ कवितांपैकी ३१७ सॉनेटं आहेत. त्याच्या सॉनेटचे दोन भाग : आधी आठ ओळी, मग सहा. आठ ओळींत सगळी मिळून दोनच यमकं. आठव्या ओळीनंतर कविता वळते.

इंग्रजीत हे आणलं टॉमस वायटनं, आठव्या हेन्रीच्या दरबारात. इटालियन भाषेत बहुतेक शब्द स्वरान्त, तिथे यमकं मुबलक. इंग्रजीत एका यमकाचे चार शब्द शोधायचे म्हणजे दमछाक. वायटच्या मागून आलेल्या सरेच्या अर्लनं मग चार-चार-चार-दोन अशी मांडणी रुळवली. त्यात यमकं सात, पण प्रत्येकाला दोनच शब्द पुरतात. जानेवारी १५४७ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून सरेचा शिरच्छेद झाला, तेव्हा तो तिशीच्या आसपास होता. त्याच्या कविता दहा वर्षांनी, १५५७ साली, टॉटल नावाच्या प्रकाशकाच्या संग्रहात छापल्या गेल्या. मग १५९१ मध्ये सिडनीची सॉनेटमाला निघाली आणि ते दशकच सॉनेटांचं झालं. स्पेन्सरनं १५९५ साली आपल्या विवाहाच्या निमित्तानं एकोणनव्वद सॉनेटं छापली.

या सोयीतून एक मोठी गोष्ट घडली. पेत्रार्काच्या सॉनेटला एक वळण होतं, इंग्रजी सॉनेटला तीन पायऱ्या आणि एक निकाल मिळाला. वकिलाला जसं हवं असतं तसं : एक मुद्दा, दुसरा मुद्दा, तिसरा मुद्दा आणि मग दोन ओळींत मागणी. एकशे सोळावं हा युक्तिवाद आहे, आणि त्याला हेच घर योग्य होतं.

२४ जून

वृत्ताचा तास. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इथे आपण कमी पडतो असं वाटतं. खरं म्हणजे त्यांच्याकडे जास्त आहे. लघु-गुरू त्यांना सातवी-आठवीपासून माहीत आहेत. इंग्रजीत अक्षराची लांबी मोजायची नाही, आघात मोजायचा : हलकं-जड, हलकं-जड, अशा पाच जोड्या, दहा अक्षरं. एवढं सांगितलं की बाक वाजायला लागतात.

आपल्याकडे केशवसुतांनी सॉनेट आणलं तेव्हा त्यांनी हे आघाताचं गणित आणलं नाही, ओळींची आणि यमकांची मांडणी आणली आणि चाल आपली ठेवली. ‘आम्ही कोण?’ शार्दूलविक्रीडितात आहे : एकोणीस अक्षरं, म-स-ज-स-त-त-ग, बाराव्या अक्षरावर यती. आपली मंगलाष्टकंही याच वृत्तात म्हणतात. वर्गात सांगितल्यावर एका मुलीनं लगेच दोन्ही एका चालीत गुणगुणून पाहिली आणि सगळ्या वर्गाला पटलं.

एकशे सोळाव्याच्या पहिल्या ओळीत वृत्तामुळे एक मौज होते. दुसरं अक्षर जड असायला हवं, आणि तिथे बसलाय ‘मी’. साधारणपणे आपण पहिल्या शब्दावर जोर देऊन वाचतो. पण वृत्ताप्रमाणे वाचलं तर जोर येतो ‘मी’वर. तुम्ही काय ते म्हणा, मी तरी म्हणणार नाही. अमेरिकन समीक्षक हेलन व्हेंडलर यांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात ही कविता अशीच वाचली आहे : कुणीतरी आधी काही बोलून गेलंय आणि ही कविता त्याला दिलेलं उत्तर आहे. मला हे वाचन मनापासून पटतं. नकारांची रास त्याशिवाय उलगडत नाही.

३० जून

“मॅडम, यमक जुळतच नाही.” ज्याला गाइड मान्य आहे पण ज्याच्या कानाला मान्य नाही अशा विद्यार्थ्याचं हे वाक्य. मला ते फार आवडलं.

तो बरोबर आहे. सात जोड्यांपैकी तीन आजच्या उच्चारात जुळत नाहीत : पहिल्या कडव्यातली एक, तिसऱ्यातली एक आणि शेवटची जोडी. दोन ठिकाणी प्रेमाचाच शब्द अडतो. पण त्या काळी या शब्दांतल्या स्वरांमध्ये आजच्याइतकं अंतर नव्हतं, लंडनच्या कानाला ती यमकं जुळत होती. भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड क्रिस्टल यांनी त्या काळचे उच्चार पुन्हा उभे करण्याचं काम केलं. २००४ मध्ये लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात ‘रोमिओ अँड ज्युलिएट’चे प्रयोग त्या उच्चारांत झाले. त्या धर्तीची वाचनं फोनवर ऐकवली. स्वर आखूड, ‘र’ ठसठशीत. आमच्या मुलांना तो ‘र’ आजच्या लंडनच्या ‘र’पेक्षा जवळचा वाटला.

प्रेम बदलत नाही असं बजावणाऱ्या कवितेचे उच्चार चारशे वर्षांत असे बदलून गेले. कविता तरीही उभी आहे.

३ जुलै

पावसानं हजेरी निम्मी. जे आले त्यांच्याबरोबर पहिल्या दोनच ओळी पाहिल्या, आणि तास त्यात पुरला.

इंग्लंडच्या चर्चमध्ये लग्न लावताना पाद्री जमलेल्यांना विचारतो, या दोघांच्या लग्नाला कुणाची कायदेशीर हरकत असेल तर आत्ता बोला. मग वधूवरांनाही बजावतो, तुम्हाला काही अडसर ठाऊक असेल तर कबूल करा. सोळाव्या शतकातल्या प्रार्थनापुस्तकात हे शब्द छापलेले होते आणि रविवारी चर्चमध्ये जाणाऱ्या प्रत्येकाला ते पाठ होते. लग्नाआधी तीन रविवारी चर्चमध्ये जाहीर पुकाराही व्हायचा. शेक्सपिअरनं कवितेची सुरुवात नेमकी त्या क्षणापासून केली आहे. पाद्रीनं विचारलंय, सगळं चर्च गप्प आहे, आणि हा माणूस म्हणतो : हरकत? माझ्या तोंडून निघणार नाही. फरक एवढाच की लग्न दोन देहांचं नाही, दोन मनांचं आहे.

हा हरकतीचा शब्द त्याच्या स्वतःच्या आयुष्यात एकदा कागदावर आला होता. नोव्हेंबर १५८२ मध्ये त्याचं लग्न अ‍ॅन हॅथवेशी ठरलं. तो अठरा वर्षांचा, ती सव्वीसची, आणि तिला दिवस गेलेले. घाई होती, म्हणून तीन पुकाऱ्यांऐवजी एकाच पुकाऱ्यावर लग्न लावायची परवानगी वूस्टरच्या बिशपकडे मागितली गेली. त्यासाठी स्ट्रॅटफर्डच्या दोन शेतकऱ्यांनी चाळीस पौंडांचा जामीन लिहून दिला की या लग्नाला कायदेशीर अडसर नाही. पुढच्या मे महिन्यात मुलगी झाली, सुझाना. तो जामीनकागद अजून आहे.

कवितेतला ‘मी’ म्हणजे हा अठरा वर्षांचा मुलगा असं मी म्हणत नाही, मुलांनाही म्हणू दिलं नाही. पण हे शब्द त्याच्यासाठी नुसते पुस्तकी नव्हते.

आणखी एक पाहून ठेवलं. पहिलं वाक्य ओळीच्या शेवटी संपत नाही, दुसऱ्या ओळीच्या मध्येच थांबतं. पुढचं वाक्य तिथूनच सुरू होऊन ओळ ओलांडून जातं. बोलणाऱ्याला ओळ संपायची उसंत नाही. दुसऱ्या कडव्यापासून मात्र वाक्यं ओळींवर नीट टेकू लागतात, आवाज स्थिरावतो.

९ जुलै

“मॅडम, हे प्रेम कुणावरचं?”

दरवर्षी येणारा प्रश्न. सॉनेटं १६०९ साली पुस्तकरूपात आली. टॉमस थॉर्प प्रकाशक, जॉर्ज एल्ड मुद्रक. त्या आवृत्तीच्या तेराच प्रती आज जगात शिल्लक आहेत. संग्रहातली पहिली १२६ सॉनेटं एका देखण्या तरुणाला उद्देशून आहेत आणि त्यापुढची बहुतेक एका सावळ्या स्त्रीविषयी, असं सर्वसाधारणपणे मानतात. म्हणजे एकशे सोळावं तरुणाच्या वाट्याचं. वर्गात थोडी चुळबुळ झाली, मग शांतता. ती मी मोडली नाही. पुरुषानं पुरुषाला उद्देशून इतकं लिहावं हे काहींना नवं होतं, एक-दोघांना ते ऐकून बरं वाटलं असावं.

मग त्यांना कवितेत ‘तू’ शोधायला सांगितलं. सापडत नाही. ‘मी’ पहिल्या ओळीत आहे, मग थेट शेवटच्या दोन ओळींत. मधल्या सगळ्या ओळींत ना मी, ना तू. तो, ती असा माणूसही नाही. जो काही ‘त्याचा’ आहे तो ताऱ्याचा किंवा काळाचा. भोवतालची सॉनेटं ‘तू’नं भरलेली असताना इथे समोरचा माणूस बोलण्यातून काढून टाकलेला आहे. माणूस फार दुखावला की कधीकधी समोरच्याशी न बोलता हवेशी बोलतो, तसं मला हे ऐकू येतं.

१६४० मध्ये जॉन बेन्सन नावाच्या प्रकाशकानं सॉनेटं पुन्हा छापली. क्रम मोडला, दोन-तीन सॉनेटं जोडून एकेक कविता केली, वरती आपले मथळे दिले, काही ठिकाणी पुरुषवाचक सर्वनामं बदलून स्त्रीवाचक केली. एकशे सोळाव्याला त्यानं ‘खऱ्या प्रेमाचं चित्र’ अशा अर्थाचा मथळा दिला. आमच्या गाइडमधलं वाक्य इतकं जुनं आहे. १७८० मध्ये एडमंड मलोननं मूळ पाठ परत आणला, पण मथळ्याची ती छाया कवितेवरून अजून गेलेली नाही.

१७ जुलै

विद्यार्थिनींपैकी एकीनं ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ हा १९९५ चा चित्रपट पाहिला होता. जेन ऑस्टिनच्या कादंबरीत हे सॉनेट नाही, ते पटकथेत आलं. मेरिअ‍ॅन आणि विलोबी, दोघं प्रेमात असताना, या ओळी आळीपाळीनं म्हणतात. पुढे तो पैशासाठी दुसरीशी लग्न करतो. त्याच्या घराच्या दिशेनं पाहत, पावसात भिजत, ती त्याच ओळी एकटी म्हणते.

पटकथा लिहिणाऱ्या एमा थॉम्पसनना कविता नीट कळली होती. इंग्लंडात आज ही कविता लग्नांत वाचली जाते, वाचावी. पण तिची खरी जागा मला पावसातल्या दृश्यात दिसते. समोरचा बदललेला आहे, निघून गेलेला आहे, आणि त्यानंतरही कुणीतरी म्हणतं आहे की बदल दिसला म्हणून मी बदलणार नाही. सगळं सुरळीत असताना हे म्हणायला कष्ट पडत नाहीत.

२९ जुलै

रात्री साडेआठनंतर तासभर आभाळ मोकळं झालं. गच्चीवर जाऊन ध्रुव पाहिला. साताऱ्याहून तो क्षितिजापासून अठरा अंशांच्या आतच असतो, त्यामुळे उत्तरेकडचं एखादं झाडही त्याला झाकतं. लंडनहून तो साडेएक्कावन्न अंशांवर. ध्रुवाची उंची म्हणजे आपला अक्षांश, हे इतकं साधं आहे, आणि याच साध्या गोष्टीवर तेव्हाची गलबतं चालत होती. खलाशी डोळ्यापाशी लाकडी दांडा धरायचा, त्याच्यावर आडवी पट्टी सरकवायची, पट्टीचं एक टोक क्षितिजाला आणि दुसरं ताऱ्याला लागलं की दांड्यावरच्या खुणेवरून उंची वाचायची. इंग्रज कप्तान हॉकिन्सचं ‘हेक्टर’ जहाज ऑगस्ट १६०८ मध्ये सुरतेजवळ आलं, सॉनेटांचं पुस्तक निघायच्या आदल्या वर्षी. तेही याच उंचीच्या गणितावर आफ्रिकेला वळसा घालून आलं होतं, विषुववृत्ताखाली ध्रुव बुडाला की सूर्याची उंची घेत.

दुसऱ्या कडव्यातल्या चार ओळी हे ठाऊक असल्याशिवाय वाचूच नयेत. गाइडमध्ये म्हटलंय, कवी प्रेमाची तुलना अढळ ध्रुवताऱ्याशी करतो. कवितेत ध्रुवाचं नाव नाही, वाचक तो धरतात आणि ते योग्य आहे. पण तिथे प्रतिमा दोन आहेत. पहिली समुद्रकाठच्या खुणेची, दीपस्तंभासारख्या एखाद्या उंच गोष्टीची : ती वादळांकडे पाहते आणि हलत नाही. अढळपणा हिचा. दुसरी ताऱ्याची, आणि ताऱ्याविषयी कवी अढळ हा शब्द वापरत नाही. तो म्हणतो, त्याची उंची मोजता येते, त्याचं मोल कळत नाही.

हे त्यानं मुद्दाम केलं की नाही मला सांगता येणार नाही, पण ते खरं आहे. १६०० च्या सुमाराला ध्रुवतारा खगोलीय ध्रुवबिंदूपासून जवळजवळ तीन अंश दूर होता. रात्रभर तो लहानसं वर्तुळ काढायचा. आज ते अंतर एका अंशाच्या आत आलंय. खलाशांना हे माहीत होतं. ध्रुवमत्स्यातल्या दोन ताऱ्यांची जागा पाहून मोजलेल्या उंचीत किती मिळवायचं, किती वजा करायचं, याचे नियम त्यांना पाठ असत. तारा फिरतो हे धरूनच ते त्याच्या भरवशावर जात होते.

आपल्याकडे लग्नात सप्तपदीनंतर वधूला ध्रुव दाखवतात, आणि अरुंधतीही. ध्रुवासारखी स्थिर हो, हा त्यातला आशीर्वाद. शेक्सपिअरचा तारा आशीर्वाद देत नाही. तो भरकटलेल्या गलबतासाठी आहे, गलबत भरकटलंय हे त्यात आधीच कबूल आहे. मला ही ओळ सगळ्या कवितेत सर्वांत दयाळू वाटते. ती भरकटण्याला गुन्हा म्हणत नाही.

३१ जुलै

तिसरं कडवं. काळ विळा घेऊन उभा आहे, गुलाबी ओठ आणि गाल त्याच्या विळ्याच्या फेऱ्यात येतात. मुलांना हे लगेच समजलं, विळा त्यांच्या घरात आहे. एकीनं दाखवून दिलं : चौथ्या ओळीत प्रेम वाकत नाही म्हटलंय, आणि दहाव्या ओळीत जो वाकलेला आहे तो विळा, आणि क्रियापद एकच. मी इतकी वर्षं शिकवते आहे, पण हे इतकं नेमकं मला कुणा विद्यार्थ्यानं दाखवलं नव्हतं. तिला सगळ्या वर्गासमोर फळ्यावर लिहायला लावलं.

मग आम्ही तशाच इतर जोड्या शोधल्या. बदलण्याचं क्रियापद पहिल्या कडव्यात नामासकट, मग तिसऱ्यात परत. दूर होण्याचं एकाच ओळीत दोनदा. प्रेम हा शब्द दुसऱ्या ओळीत दोनदा. इतक्या लहान जागेत तेच तेच शब्द फिरवून तो त्यांना घट्ट करतो. बदलाविरुद्धची कविता शब्दही बदलत नाही.

७ ऑगस्ट

शेवटच्या दोन ओळी. भाषा कोर्टातली आहे : हे चूक असेल आणि माझ्यावर शाबीत झालं, तर मी कधी लिहिलंच नाही, आणि कुणा माणसानं कधी प्रेमच केलं नाही.

एक मुलगा उठला. “मॅडम, हे फेअर नाही. त्यानं लिहिलंय हे आपल्या हातात आहे. म्हणजे तो हरूच शकत नाही.” दुसरा म्हणाला, युक्तिवाद संपला की माणूस शपथा घेतो. दोघांनी अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलं. तर्क म्हणून या ओळी टिकत नाहीत. एका माणसाचं चुकलं म्हणून जगात कुणीच प्रेम केलं नाही असं सिद्ध होत नाही.

मी त्यांना विचारलं, पैज लावताना माणूस काय लावतो? जे गमावलं तर सगळं गेलं, ते. शेतकऱ्यानं जमीन लावावी तसं या माणसानं आपलं सगळं लिहिणं लावलं आहे. तर्कात तो जिंकला की हरला हे मला दुय्यम वाटतं. तीन कडवी त्यानं थंड आवाजात मुद्दे मांडले, खूण, तारा, विळा, आणि तेराव्या ओळीत त्याच्याकडचे मुद्दे संपले. चौदाव्यात तो स्वतः उभा राहिला. पहिल्या ओळीनंतर गायब झालेला ‘मी’ इथे परत येतो तो असा. इंग्रजी सॉनेटचं ते दोन ओळींचं शेपूट अनेकदा मला चिकटवल्यासारखं वाटतं, खुद्द शेक्सपिअरच्याही काही सॉनेटांत. इथे मात्र ते नसतं तर बाकीच्या बारा ओळी एक सुंदर भाषण होऊन राहिल्या असत्या.

दोघांना माझं पटलं नाही. पेपरात त्यांचंच मत लिहा म्हटलं, फक्त ओळींचा आधार द्या.

११ ऑगस्ट

अंतर्गत चाचणीचा प्रश्न असा दिला : ही कविता उत्तर आहे असं समजा, तर समोरचा आधी काय म्हणाला असेल? ते वाक्य लिहा, आणि कवितेतल्या कुठल्या ओळीवरून तुम्हाला ते सुचलं ते सांगा. वाक्य मराठीत चालेल.

उत्तरं वाचताना रात्र झाली. ‘माणसं बदलतात, आपणही बदललोय.’ ‘तू म्हातारी दिसायला लागलीस’, आधार दहावी ओळ. ‘मी गेलो तर तूही जा, राहू नकोस’, आधार चौथी ओळ. हे फार चांगलं, कारण चौथी ओळ तेच नाकारते : दूर जाणाऱ्याबरोबर दूर होणं. एकानं लिहिलंय, ‘घरचे नाही म्हणतात’, आधार पहिल्या दोन ओळी, अडसराच्या. त्याच्या पेपरावर मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. गुण पूर्ण दिले.

१३ ऑगस्ट

सत्रातले दोन तास उरले आहेत. एकशे सतरावं अभ्यासक्रमात नाही, तरी घेणार आहे. त्यात हाच ‘मी’ आपल्यावरचे आरोप स्वतः वाचून दाखवतो : मी तुझी किंमत ठेवली नाही, परक्यांत वेळ घालवला, जे वारे मला तुझ्यापासून सर्वांत लांब नेतील त्यांच्यासमोर शीड उभारलं. तारा पाहून चालणारं गलबत एका पानावर, आणि पुढच्या पानावर शीड उभारून पळालेला हाच माणूस. शेवटी म्हणतो, तुझं प्रेम किती टिकाऊ आहे ते पाहत होतो. एकशे सोळाव्यातला नकार मग वेगळ्याच रंगात दिसू लागतो : भरकटलेला समोरचा नसून हाच तर नाही? एकशे पंधराव्यात तर तो म्हणतो, तुझ्यावर याहून जास्त प्रेम करणं शक्य नाही असं मी पूर्वी लिहिलं ते खोटं होतं, कारण प्रेम वाढतं. म्हणजे बदलतं. आणि लगेच पुढे बदलत नाही.

१६०९ च्या पुस्तकात एकशे सोळाव्यावर आकडा चुकून ११९ पडला होता, पण कविता आपल्या जागीच होती, या दोघांच्या मध्ये. मुलांनीही ती तिथेच वाचावी. तिन्ही एका पानावर बसवून झेरॉक्सला दिली आहेत. उद्याच्या तासाला एकशे सतरावं आधी वाचायला तोच मुलगा उभा करणार, ज्याला शेवटच्या दोन ओळी पटल्या नाहीत.